गाडीचं काम घरीच: बिलातलं नक्की काय वाचतं? सोलापूरकरांनी अनुभव टाका

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. गाडीची सर्व्हिस घरच्या घरी केली तर किती वाचतात हा प्रश्न ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणारा दर वेळी थेट इंजिन ऑइलवरच येतो. ऑइल मी स्वतः बदलतो, पण खरं सांगू का, ऑइलमध्ये फार काही हाताला लागत नाही. ऑइल विकत घ्यायचंच आहे, फिल्टर घ्यायचाच आहे, वाचते ती फक्त मजुरी आणि त्या मजुरीवरचा १८ टक्के जीएसटी. खरे पैसे जातात ते बिलाच्या खालच्या अर्ध्या भागात. तुमचं मागचं बिल काढून बघा एकदा. इंजिन ड्रेसिंग, एसी डिसइन्फेक्टंट, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, फ्युएल ॲडिटिव्ह, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, आणि कसली कसली ट्रीटमेंट. मग गाडीसोबत आलेलं मॅन्युअल काढा (डिकीत नाहीतर कप्प्यात पडलेलं असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट) आणि तुमच्या किलोमीटरला त्यात काय काय सांगितलंय ते ताडून बघा. माझ्या बिलातल्या निम्म्याच्या वर ओळी मॅन्युअलमध्ये नव्हत्याच.

म्हणून माझं मत असं झालंय की बॉनेट उघडायची सवय ही पाना फिरवण्यापेक्षा 'हे नको' म्हणायला जास्त कामाला येते. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणला 'सर, एअर फिल्टर पार गेलाय' की आपण म्हणायचं आत्ताच टाकलाय नवीन, काढून दाखवा. तो काढून दाखवत नाही, पुढच्या ओळीवर जातो.

मी घरी काय करतो ते सांगतो. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, बॅटरीचे टर्मिनल, हेडलाइटचे बल्ब, हवा, कूलंटची पातळी आणि ऑइल. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, एसीचा गॅस आणि एअरबॅगचं पिवळं वायरिंग ह्याला हात लावत नाही, लावणारही नाही.

नवशिक्यांनी केबिन फिल्टरपासून सुरुवात करावी. बहुतेक छोट्या गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. कप्पा रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबायच्या, कप्पा खाली लोंबतो. मागं एक आडवं झाकण दिसतं, त्याच्या खिट्ट्या दाबल्या की फिल्टर ड्रॉवरसारखा बाहेर. पाना नाही, पक्कड नाही, काही नाही. आपल्या सोलापुरात तो पहिल्यांदा काढाल तर खाली पेपर अंथरा नाहीतर घरच्यांच्या शिव्या खाल, कारण त्यातनं लिंबाची वाळकी पानं, माती, कापसाची तुसं, एखादं मेलेलं झुरळ असं सगळं पडतं. आणि ह्याच्यातनं आलेली हवा आपण मे महिन्यात एसी चारवर लावून तोंडावर घेत असतो. एसी थंड होत नाही म्हणून गॅस भरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांचा खरा आजार हा असतो. नवीन बसवताना फिल्टरच्या कडेला बाण छापलेला असतो, हवेच्या दिशेचा, तेवढा बघायचा.

तुम्ही काय काय करता आणि काय करायचं टाळता, लिहा.

कडकभाकरी

काय बे, दोनतीनशेच्या फिल्टरसाठी धागा काढलालास. 😀

सिरियसली बोलायचं तर ऑइलचं पटलं, बाकीचं अर्धंच. अरे पुण्या-मुंबईत मजुरी परवडत नाही म्हणून लोक घरी करतात, आपल्याकडं ओळखीचा फिटर असला तर तो मजुरीचे घेतो किती? त्यात तो लिफ्टवर नाहीतर खड्ड्यावर गाडी घेतो, खालून बूट (चाकाकडच्या दांड्यावरचं रबरी आवरण) फाटलाय का, शॉकअप गळतोय का हे सांगतो फुकटात. मी काय करतो, ऑइल आणि फिल्टर स्वतः आणतो, पक्क्या बिलावर, आणि फिटरकडं जाऊन स्टूल टाकून बसतो. कॅन माझ्यासमोर फोडायची, जुना फिल्टर माझ्यासमोर काढायचा, उरलेलं ऑइल कॅनसकट माझ्या डिकीत. चहा मी पाजतो. झालं की. हात काळे न करता सगळे पैसे वाचतात, शिवाय रविवार वाचतो.

जुळेसोलापूरकर

@कडकभाकरी, स्टूल टाकून बसायची आयडिया मान्यच, सगळ्यांना जमण्यासारखी तीच आहे. पण स्टूलवर बसून तू बघतोस काय हे तुला कळायला पाहिजे ना. आणि एअर फिल्टरसाठी फिटरकडं कशाला जायचं? चार क्लिपा तर असतात. आपल्याकडं धूळ बघ, अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं रोज जाणाऱ्याचा फिल्टर आणि मुंबईतल्याचा फिल्टर एकाच किलोमीटरला कसा बदलून चालेल? मॅन्युअलमध्येच धुळीच्या रस्त्यासाठी वेगळा, लवकरचा तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही. मधेआधे काढून बघायचा तो आपणच.

शेळगीची_सून

मी पण लिहिते, बायकांनी ह्या धाग्यावर यायला बंदी नाही ना 🙂

माझी वॅगनआर सीएनजी आहे. मिस्टर बाहेरगावी असतात, त्यामुळे गाडी माझ्याच गळ्यात. बॅटरीचे टर्मिनल मी स्वतः साफ करायला शिकले. मागच्या उन्हाळ्यात सकाळी स्टार्टर नुसता टक टक करायचा, शेजारच्या काकांनी लगेच सांगितलं बॅटरी गेली, नवीन घ्या. बॉनेट उघडलं तर प्लसच्या टर्मिनलवर ही एवढी पांढरी-हिरवी बुरशी. कोमट पाण्यात खायचा सोडा घातला, जुना टूथब्रश घेतला, टर्मिनल काढून घासलं, फसफसून सगळं निघालं. कोरडं पुसून परत बसवलं, वरून व्हॅसलीन. गाडी लगेच चालू. तीच बॅटरी अजून चालू आहे.

एक सांगते, काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस आणि शेवटी मायनस. उलटं केलं आणि प्लसच्या नटावरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. अंगठी, बांगड्या काढून ठेवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातनं आत जाऊ देऊ नका.

आता माझा प्रश्न. कूलंट. डब्यातली पातळी मिनच्या (कमीत कमीच्या) खुणेखाली आलीय. दीर म्हणतात साधं पाणी टाक, आपल्याकडं काय बर्फ पडतोय का. टाकू का? आणि केबिन फिल्टरचं आजच कळलं, रविवारी बघते.

भीमाकाठ

दिरांचं बरोबर हाय की ओ. आमची बोलेरो हाय, जुनी, शेतातच असती. बोअरचं पानीच टाकतो कायम. काय हुत न्हाय. ट्रॅक्टरला पण तेच. कूलंट बिलंट शहरातल्या लोकांचं कौतुक.

पाना_पक्कड

दादा, रागावू नका पण हे थांबवा. मी एमआयडीसीत गॅरेजमध्ये वीस वर्षाच्या आसपास काम केलंय, आता स्वतःचं छोटं आहे, म्हणून जरा लांबड लावतो.

कूलंट बर्फासाठी असतं हा अर्धाच भाग झाला. त्यातल्या ग्लायकॉलमुळं पाणी गोठत नाही तसंच लवकर उकळतही नाही. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं त्यानं उकळायचा बिंदू अजून वर जातो. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, त्यात एसी लावून तुळजापूरचा घाट चढायचा, तिथं हे सगळं कामाला येतं. दुसरं म्हणजे त्यात गंज रोखायचं औषध असतं. आताच्या इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. आणि आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरची कॉइल काढून बघा. तोच खडू रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. बोलेरोला काही होत नाही असं वाटतं कारण जुन्या इंजिनाला मोठा रेडिएटर आणि शेतात स्पीड कमी. पण एक दिवस वॉटर पंप गळायला लागतो, मग हेड गॅस्केट, आणि मग लोक आमच्याकडं येऊन म्हणतात अचानक झालं.

ताई, तुमच्यासाठी: इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी, बाजूच्या पांढऱ्या डब्यात मिन आणि मॅक्सच्या मध्ये येईल इतकं टाका. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही, चेहरा भाजलेली माणसं बघितली आहेत मी. कूलंट दोन प्रकारचं मिळतं, एक तयार, डायरेक्ट टाकायचं, दुसरं घट्ट, त्यात डिमिनरलाइज्ड पाणी मिसळायचं. डब्यावर लिहिलेलं असतं. हिरवं-निळं-गुलाबी ह्या रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तो बघा. रस्त्यात अडचण आली आणि काहीच नसेल तर बाटलीतलं पाणी टाकून घरी या, पण नंतर काढून टाका. आणि मुख्य म्हणजे डबा परत महिनाभरात खाली गेला तर टाकत बसू नका, गळती शोधा. कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही.

सीएनजीच्या किटला, पाइपला, रेग्युलेटरला घरी हात लावायचा नाही. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी असते, प्लेटवर तारीख बघून ठेवा. सीएनजीवर प्लग आणि एअर फिल्टर चांगला पाहिजे, मिसिंग होत असेल, म्हणजे इंजिन अडखळत असेल, तर आधी तिथं बघायचं.

आता धागाकर्त्याला. तुम्ही ऑइल घरी बदलता, गाडीखाली कसं जाता तेवढं लिहा. कारण नेटवर व्हिडिओ बघून लोक कंपनीच्या जॅकवर गाडी उचलतात आणि खाली सरकतात.

जुळेसोलापूरकर

@पाना_पक्कड, तुमच्यासारखा माणूस धाग्यावर आला, बरं झालं.

कंपनीचा कात्री जॅक फक्त स्टेपनी बदलायला. मी लोखंडी रॅम्प वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतलेत, पुढची दोन्ही चाकं चढवतो, हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड. रॅम्प नसेल तर ट्रॉली जॅकनं उचलून गाडीखाली घोडे (लोखंडी स्टँड), जॅकच्या भरवशावर नाहीच. पाणी भरायच्या दिवशी हे काम काढत नाही, आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही.

ऑइलचं सगळं सांगत बसत नाही, पण दोन गोष्टी. ड्रेनच्या नटाचा वायसर दर वेळी नवीन टाकायचा, किरकोळ किमतीचा असतो. आणि नट आधी हातानं फिरवायचा, हातानं तीन-चार आटे सरळ गेले की मगच पाना. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) ॲल्युमिनियमचं असतं, तिरका नट पान्यानं रेटला की आटे जातात आणि मग वाचवलेली पाच-दहा वर्षांची मजुरी एकदम द्यावी लागते. ऑइल फिल्टरच्या रबराला नवीन ऑइलचं बोट लावायचं, रबर टेकेपर्यंत हातानं, त्यापुढं पाऊण फेरा. कचकचून आवळायचा नाही.

साहेबी_थाट

वाचतोय. माझी गाडी वॉरंटीत आहे, दोन वर्षं झालीत. घरी ऑइल बदललं तर वॉरंटी जाते म्हणतात. आणि माझ्या एका तासाची किंमत त्या मजुरीपेक्षा जास्त आहे, हेही धरा की हिशोबात.

कडकभाकरी

तासाची किंमत म्हणे. रविवारी सकाळी पार्क चौकात नाश्ता करून घरी येऊन रील बघता त्या तासाची का? 😂

पाना_पक्कड

वॉरंटीत असताना ठरलेल्या किलोमीटरची सर्व्हिस त्यांच्याकडंच करा, शिक्का आणि बिल ठेवा. उद्या इंजिनाचं काही निघालं तर ऑइल कुठलं, कधी टाकलं ह्यावरनं वाद नको. पण तिथंच जॉब कार्ड बनवताना सांगायचं, मॅन्युअलप्रमाणं जेवढं आहे तेवढंच करा, बाकी काही करायचं असेल तर आधी फोन. आणि हे कार्डवर लिहून घ्यायचं. वायपर, केबिन फिल्टर, बल्ब, हवा, बॅटरीचं टर्मिनल ह्यानं वॉरंटीला काही होत नाही.

जुळेसोलापूरकर

हेच. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसना मजुरी फ्री असते, ऑइल-फिल्टर फ्री नसतो आणि 'ट्रीटमेंट' तर अजिबातच नसते. फ्री सर्व्हिसचं चार-पाच हजाराचं बिल घेऊन आलेली माणसं मी बघितली आहेत.

अजून एक, २०२५ च्या सप्टेंबरपासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. बिलावर टॅक्सचा कॉलम बघत चला.

भीमाकाठ

पाना पक्कड भाऊ, बोअरचं पानी काडून टाकतो, तुमी म्हनताय तर. डिझेलचं पन कायतरी सांगा. आमच्याकडं ऑइल टाकलं की आठ दिवसात काळं व्हतंय. दुकानदार म्हनतो डुप्लिकेट असंल.

पाना_पक्कड

दादा, डिझेल गाडीत ऑइल काळं होणारच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. रंगावरनं ऑइल खराब ठरवत नाहीत. किलोमीटर नाहीतर वर्ष, जे आधी होईल त्याला बदला. गाडी वर्षाला थोडीच फिरली तरी वर्षानं बदला. पातळी बघताना गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून, ऑइलची पट्टी एकदा पुसून मग परत बुडवून बघायची. ऑइल पांढरट, दह्यासारखं दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका, पाणी मिसळतंय.

डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो तो मधेमधे सोडून पाणी काढा, शेतात डब्यात भरून ठेवलेलं डिझेल वापरत असाल तर नक्कीच.

आणि कुणाची बीएस ६ डिझेल असेल तर दुकानातनं दिसेल ते ऑइल टाकू नका, डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाडीला कमी राखेचं वेगळं ऑइल लागतं. चुकीचं टाकलं की डीपीएफ चोक, आणि तो बदलायचा खर्च ऐकून चक्कर येते.

पुण्यातला_सोलापूरकर

मी मूळचा नवी पेठेतला, आता पुण्यात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल सांडलं की सेक्रेटरीचा मेसेज ग्रुपवर. त्यामुळं मी सक्शन पंप घेतलाय, पट्टीच्या नळीतनं बारीक पाइप आत सोडायचा, इंजिन जरा कोमट ठेवायचं, ऑइल वरून ओढून घ्यायचं. गाडीखाली जायचंच नाही. तळाशी थोडं राहतं म्हणतात, पण फिल्टर वरून हात पोचण्यासारखा असेल तर अपार्टमेंटवाल्यांना हा उपाय बरा.

सोलापूर-पुणे दर पंधरा दिवसांनी असतं, त्यामुळं टायरवर जास्त लक्ष. एक विचारायचंय. उन्हाळ्यात हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवावी, गरम होऊन फुगते, असं मोहोळजवळच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं. बरोबर का? आणि नायट्रोजन?

जुळेसोलापूरकर

उलटं आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा. गाडी पळाली की चार-पाच पीएसआय वाढणार हे कंपनीनं धरलेलंच आहे. कमी हवेचा टायर जास्त लवलवतो, त्यानं अजून तापतो, आणि उन्हात हायवेवर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेचाच. गरम टायरमधनं हवा सोडायची तर कधीच नाही. एक चांगलं गेज विकत घ्या, सकाळी गाडी काढायच्या आधी बघा, पंपावरच्या मशीनवर किती भरवसा ठेवायचा ते मग तुमचं तुम्हाला कळेल. स्टेपनी पण बघा, तिला सगळे विसरतात.

नायट्रोजन फुकट मिळाला तर भरा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरचं वय बाजूवर चार आकड्यात असतं, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानंच बाद, पण पावसाळा तोंडावर असेल तर तेवढा झिजायच्या आधीच बदललेला बरा.

साहेबी_थाट

बरं, तासाच्या किमतीचा मुद्दा मागे घेत नाही पण वायपर बदलले आज. दुकानदार बसवून द्यायचे वेगळे मागत होता. मॅन्युअल पण उघडलं, पहिल्यांदा.

कडकभाकरी

अभिनंदन साहेब. वायपर काढलेला असताना नुसता दांडा काचेवर आपटू देऊ नका मात्र, खाली टॉवेल ठेवा. काच जाते.

@जुळेसोलापूरकर, जुन्या ऑइलचं काय करतोस? आमच्या गल्लीत एकजण गटारीत ओततो.

जुळेसोलापूरकर

गटारीत ओतणाऱ्याला चार शब्द सुनाव. रिकाम्या कॅनमध्येच परत भरतो, झाकण लावून फिटरकडं नेऊन देतो, त्याच्याकडं बॅरल असतो आणि तो रिसायकलवाल्याला जातो. वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. खेड्यात दाराच्या चौकटीला, कुंपणाच्या डांबांना वाळवीसाठी लावतात, ते हाताला, जमिनीला चांगलं नाही.

भीमाकाठ

डांबांना आमीच लावतो 🙏 बंद करतो.

उंदराचं काय करायचं ते सांगा कुनीतरी. ऊस तुटला की सगळे उंदीर बॉनेटमदी. वायर कुरतडली, टेपा मारून मारून दमलो. तंबाकूची पुडी ठेवली, ती पन पळवली.

कडकभाकरी

तंबाखू पळवली म्हणजे उंदीर पक्का सोलापूरचा बे.

पाना_पक्कड

डांबराच्या गोळ्या, तंबाखू, स्प्रे, सगळं चार दिवस चालतं. उपयोग होतो तो गाडी रोज हलवण्याचा, रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवण्याचा (उंदराला उजेड आणि वारा नको असतो) आणि गाडीत शेंगा, बिस्किटं न ठेवण्याचा. शिवाय उंदीर खालून वर यायच्या जागेला बारीक तारेची जाळी लावून देतो आम्ही, फक्त बेल्ट, फॅन आणि सायलेन्सरपासून लांब. वायर तुटली तर नुसती टेप नको, सोल्डर करून त्यावर स्लीव्ह. गाडी तशीच बरेच दिवस उभी असली तर चालू करायच्या आधी एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, उंदराला घर करायला तो फार आवडतो.

एअर फिल्टरवरनं आठवलं. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. हवा मारायची तर कमी दाबानं, आणि आतल्या स्वच्छ बाजूनं बाहेर. पंक्चरवाल्याच्या पाइपनं जवळनं मारली की कागदाला बारीक भोकं पडतात, दिसत नाहीत, धूळ थेट इंजिनात. तीन-चारशेचा फिल्टर वाचवायला जाऊन पिस्टन रिंगा घालवू नका.

पुण्यातला_सोलापूरकर

ब्लूटूथचं ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र) घेतलंय कुणी? चेक इंजिनचा दिवा लागला की वर्कशॉपवाले 'स्कॅनिंग चार्ज' लावतात, मोबाइलवर कोड दिसतो की. तो पुसून टाकता पण येतो.

पाना_पक्कड

कोड वाचायला जरूर घ्या, माहिती असलेली बरी. पुसायची घाई करू नका. कोड पुसला म्हणजे दिवा विझला, बिघाड तिथंच आहे. आणि कोड सेन्सरचं नाव सांगतो म्हणून तो सेन्सरच गेलाय असं नाही, बऱ्याचदा वायर नाहीतर कनेक्टर ढिला असतो. सेन्सर विकत घ्यायच्या आधी कनेक्टर काढून साफ करून लावून बघा.

ब्रेक ऑइलचा डबा कमी दिसला तर नुसतं भरू नका हेही सांगून ठेवतो. पॅड झिजले की पातळी खाली येते, म्हणजे पॅड बघायची वेळ झाली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, साधारण दोन वर्षांनी बदलायचं, ते फिटरकडनंच, हवा राहिली तर पेडल खाली जातं.

शेळगीची_सून

अपडेट देते. कूलंट तयारवालं आणलं, सकाळी टाकलं, पातळी जागेवर आहे.

केबिन फिल्टर बघायला आज कप्पा उतरवला. झाकण आहे पण ते क्लिपचं नाही, अख्खं प्लॅस्टिक आहे, निघतच नाही. बोट लावून बघितलं, कसाबसा मोबाइल मागं नेऊन फोटो काढला. बहुतेक फिल्टरच नाहीये. मग कपाटातनं बिलं काढली सगळी. मागच्या दोन्ही सर्व्हिसच्या बिलात 'एसी फिल्टर क्लीनिंग' आहे!! कुठल्या वर्कशॉपचं ते लिहीत नाही इथं, पण नसलेला फिल्टर साफ कसा केला हो?

कडकभाकरी

😂😂😂 ताई, फ्रेम करून लावा ते बिल.

साहेबी_थाट

माझी बिलं काढतो आत्ता.

पाना_पक्कड

ताई, खालच्या व्हेरियंटला बऱ्याच गाड्यांत फिल्टर कंपनीकडनं येतच नाही, जागा असते पण प्लॅस्टिक बंद असतं. कापायची खूण आतल्या बाजूला कोरलेली असते. भांडायला जाण्याआधी खात्री करा, आरसी घेऊन स्पेअरच्या काउंटरवर जा, चासी नंबरवरनं तुमच्या गाडीला फिल्टर आलेला होता का आणि आता कुठला बसतो दोन्ही कळतं. नव्हता हे पक्कं झालं की बिलांच्या झेरॉक्स आणि फोटो घेऊन मॅनेजरला भेटा, काउंटरवरच्या पोराशी बोलून उपयोग नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

शेळगीची_सून

उद्या जाते. पैसे तर मागणारच. आणि फिल्टर बसत असेल तर ते प्लॅस्टिक मी कापू का?

जुळेसोलापूरकर

कापता येतं, गरम ब्लेडनं नको, साध्या कटरनं खुणेवरनं हळूहळू. तुकडा आत पडू देऊ नका, ब्लोअरच्या पंख्यात जाऊन बसतो आणि मग अख्खा डॅशबोर्ड करकरतो, कापायच्या आधी त्याला चिकटपट्टी लावून ठेवा म्हणजे हातात येईल. झाकण वेगळं विकत मिळतं, फिल्टरसोबतच मागून घ्या. मॅनेजरला भेटून येईपर्यंत मात्र कापू नका, तो पुरावा आहे.

शेळगीची_सून

बरं झालं सांगितलंत, कटर हातातच होता.